हवा, ऊन, केमिकल आणि आपली तब्येत: ठाणे-नवी मुंबईतले लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी कोपरखैरण्यात राहते, केमिस्ट्री शिकले, बारा वर्षं एका लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासायचं काम केलं आणि आता सोसायट्यांमध्ये, महिला मंडळांत, कधी शाळेच्या पालकसभेला जाऊन प्रदूषण आणि तब्येत या विषयावर बोलते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं मला विचारू नका. घणसोलीला जा नाहीतर कासारवडवलीला, प्रश्न तेच येतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलंय.

आमच्या मुलाला दमा आहे. तो इथल्या हवेमुळेच झाला असं रिसर्चने सिद्ध होतं का?

हा प्रश्न विचारणारी आई बहुतेक वेळा रात्र रात्र नेब्युलायझर लावून बसलेली असते, म्हणून आधी सरळ उत्तर देते. एका मुलाबद्दल असं सिद्ध करता येत नाही, हजारो मुलांबद्दल येतं. डॉक्टर एका पेशंटकडे बघतो आणि संशोधक गर्दीकडे बघतो, दोघांची कामं वेगळी. तुमच्या मुलाच्या दम्यामागे आनुवंशिकता असेल, घरातली ओल असेल, झुरळं असतील, बाहेरची हवा असेल, यातलं कशाने किती झालं हे त्याच्या छातीत डोकावून कुणालाच सांगता येणार नाही. पण हवा वाईट असली की दमेकरी मुलांचा त्रास वाढतो, हॉस्पिटलच्या फेऱ्या वाढतात, यावर आता वाद राहिलेला नाही.

हे कळलं कसं, त्याची दोन उदाहरणं मी प्रत्येक सभेत सांगते. पहिलं अमेरिकेतलं, सहा शहरांचा अभ्यास. आठ हजारांहून जास्त मोठ्या माणसांच्या मागे संशोधक चौदा-सोळा वर्षं राहिले, कोण सिगरेट ओढतो, वय काय, वजन काय, काम काय, सगळं हिशेबात घेतलं आणि १९९३ मध्ये निष्कर्ष छापला की सगळ्यात घाण हवेच्या शहरात मृत्यूचं प्रमाण सगळ्यात स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त आहे. दुसरं मला जास्त आवडतं. तेही अमेरिकेतलं, युटा नावाच्या राज्यातलं. तिथल्या एका खोऱ्यात पोलादाचा कारखाना होता, १९८६ मध्ये कामगारांच्या वादामुळे तो साधारण तेरा महिने बंद पडला आणि मग परत सुरू झाला. आर्डेन पोप नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने हॉस्पिटलची रजिस्टरं काढून बघितली तर कारखाना बंद असलेल्या हिवाळ्यात ब्राँकायटिस, दमा असल्या छातीच्या आजाराने अ‍ॅडमिट होणारी मुलं एकदम कमी झालेली, आणि भोंगा परत वाजायला लागल्यावर आकडा परत वर. मुलं तीच, डॉक्टर तेच, थंडीही तशीच, बदलला तो फक्त धूर.

म्हणून कुणी तुम्हाला म्हणालं ना की तुमच्या मुलाचं प्रूफ आणा मग बघू, तर समजून घ्या की जे मागितलंय ते विज्ञान देऊच शकत नाही आणि जे देऊ शकतं ते केव्हाच दिलंय. मला स्वतःला एका ऑफिसात हे वाक्य ऐकवलं गेलंय, माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, मला काहीच उत्तर सुचलं नव्हतं आणि घरी येऊन मी रडले होते. आता सुचतं, म्हणून सगळ्यांना सांगते.

पीएम २.५ म्हणजे नक्की काय? धूळच ना?

घरातलं एक जुनं पांढरं फडकं घ्या, ओलं करून खिडकीच्या ग्रिलवरून फिरवा. करडी, चिमटीत धरली तर खरखरीत लागणारी पूड आली तर ती सिमेंटची, खडीची, रस्त्याची माती. काळं, चिकट, नुसत्या पाण्याने न निघणारं, साबण लावून दोनदा चोळावं लागेल असं काही आलं तर ते जळणातून आलेलं काजळ, डिझेलचं, कचरा जाळल्याचं, भट्टीचं. आमच्याकडे मागच्या बाजूच्या खिडकीत पहिलं येतं कारण तिकडे रिडेव्हलपमेंटचं बांधकाम चालू आहे आणि रस्त्याच्या बाजूला दुसरं. घोडबंदर रोडवरच्या माझ्या मावसबहिणीकडे दोन्ही एकदम येतं, तिच्या समोर मेट्रोचं काम आणि उरणच्या बंदराकडून गुजरातला जाणारे कंटेनर.

पण फडक्यावर दिसतं ते मोठं. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो म्हणजे केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण सहज बसतील. मोठी धूळ नाकात, घशात अडकते आणि शिंकेवाटे, कफावाटे निघून जाते. हे बारीक कण थेट फुप्फुसाच्या पार तळाला, जिथे ऑक्सिजन रक्तात जातो तिथे पोचतात, तिथे सूज आणतात आणि त्यातले अगदी बारीक रक्तात पण उतरतात. म्हणूनच हवेच्या प्रदूषणाने होणारं नुकसान नुसतं छातीचं नाही, हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसचा झटका हे त्यातले मोठे हिस्से आहेत, हे ऐकून लोक नेहमी दचकतात. स्टेट ऑफ ग्लोबल एअर या अहवालात २०२१ सालचा अंदाज असा आहे की जगात ८१ लाख मृत्यूंशी हवेचं प्रदूषण जोडलेलं आहे आणि त्यातले २१ लाख भारतातले. हा गणिताने काढलेला अंदाज आहे, मृत्यूच्या दाखल्यावर कुणी प्रदूषण असं लिहीत नाही. बाहेरची हवा कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१३ मध्ये जाहीर केलं आणि डिझेलच्या धुराबद्दल त्याच्या आदल्या वर्षी.

अ‍ॅपवर एक्यूआय हिरवा दाखवतो म्हणजे हवा चांगली ना?

एक्यूआय म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा एकत्रित आकडा, जास्त म्हणजे वाईट. पण चांगली कुणाच्या हिशेबाने, हे आधी विचारायला हवं. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीला पीएम २.५ ची मर्यादा दर घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम आहे, २००९ पासून तीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा १० वरून ५ वर आणली. चोवीस तासांची आपली ६०, त्यांची १५. आता एक्यूआय बघा, ५० पर्यंत तो 'चांगला' धरतात आणि तिथे पीएम २.५ तीसपर्यंत असू शकतो. म्हणजे हिरव्या रंगातसुद्धा त्यांच्या रोजच्या मर्यादेच्या दुप्पट हवा असू शकते. १०१ ते २०० ला 'मध्यम' म्हणतात, शब्द वाचून काही वाटत नाही, पण त्याच तक्त्यात पुढे लिहिलंय की फुप्फुसाचे, हृदयाचे आजार असणाऱ्यांना, लहान मुलांना आणि वृद्धांना त्रास होऊ शकतो. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी मध्यम हा शब्द विसरा आणि आकडा बघा.

अजून एक, तो आकडा हवा मोजणाऱ्या स्टेशनचा असतो. महापे किंवा नेरूळच्या मशीनला जे दिसतं ते तुमच्या गल्लीत कचरा जाळला तर दिसणार नाही. पीएमचा तो चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात, पहाटेचे दोन वाईट तास त्यात विरघळून जातात.

रात्री दोन-तीनला केमिकलचा वास येतो, दिवसा काहीच नाही. भास आहे का?

भास नाही! हे मला अगदी ठासून सांगायचंय कारण घरातलीच माणसं बाईला म्हणतात की तुलाच कसा येतो.

नवी मुंबईचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पूर्वेला डोंगर, त्याला लागून ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी, पश्चिमेला आपले नोड म्हणजे राहत्या वसाहती आणि मग खाडी. दिवसा जमीन तापते, वारा खाडीकडून, समुद्राकडून डोंगराकडे जातो म्हणजे एमआयडीसीतलं जे काही आहे ते आपल्यापासून लांब जातं. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर गार होते आणि वारा उलटा फिरतो, डोंगराकडून खाडीकडे. मधे कोण? घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. त्यात हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार आणि वरची गरम असा उलटा थर बसतो, चुलीवरच्या पातेल्याला झाकण लावल्यासारखा, मग धूर आणि वायू वर जातच नाहीत, खाली पसरतात. सूर्य वर आला की झाकण निघतं आणि सकाळी नऊला तक्रार करायला जाता तेव्हा वास गायब असतो. याला कुणाचा कट असण्याची गरज नाही, नुसतं हवामान पुरेसं आहे, पण रात्री जास्त सोडलं जातं का हे तपासणाऱ्याने रात्रीच यायला हवं.

वासाबद्दल एक सावधगिरी. वास आला म्हणजे लगेच विष असं नसतं आणि वास नाही म्हणजे सेफ असंही नसतं. हायड्रोजन सल्फाइड, तो सडक्या अंड्याचा वास, नाकाला अगदी थोडा असला तरी कळतो आणि खूप झाला की नाक बधिर होऊन कळेनासा होतो. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. तळोज्यात ऑगस्ट २०१७ मध्ये निळे झालेले कुत्रे फिरताना दिसले, सगळीकडे बातमी झाली कारण रंग डोळ्याला दिसला. तिथल्या कासाडी नदीचं पाणी त्याच्या कितीतरी आधीपासून खराब होतं, ते इतकं कुणी दाखवलं नाही.

हवामान बदल वगैरे ठीक आहे, पण आमच्या खोकल्याशी त्याचा काय संबंध?

दोघांचा उगम बऱ्याच वेळा एकच. डिझेल, कोळसा, कचरा जळला की त्यातून कार्बन डायऑक्साइडही निघतो आणि काजळीही, पहिला पृथ्वी तापवतो, दुसरी छातीत जाते आणि हवा पण तापवते. औद्योगिक काळाच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण २८० होता, आता ४२० च्या वर गेलाय. आणि उष्णता स्वतःच प्रदूषण बनवते, गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे वायू आणि सॉल्व्हंटची वाफ यांच्यावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो, तो श्वासनलिकेला जाळतो.

दोन्ही एकत्र आलं की काय होतं यावर कॅलिफोर्नियातला एक अभ्यास २०२२ मध्ये आला. फक्त अति उष्णतेच्या दिवशी मृत्यूचा धोका सुमारे ६ टक्के वाढला, फक्त अति पीएम २.५ च्या दिवशी ५ टक्के, आणि दोन्ही एका दिवशी आले तेव्हा २१ टक्के. सहा आणि पाच अकरा व्हायला हवे होते ना, शरीरात बेरीज तशी होत नाही.

नागपूरला ४५ असतं, आपल्याकडे ३५. मग आपण उगाच ओरडतो का?

माठ आठवा. नागपूरला मे महिन्यात माठातलं पाणी दात शिवशिवेल इतकं गार होतं आणि आपल्याकडे तोच माठ नुसता ओला बसून राहतो. माठ गार होतो तो बाहेर झिरपलेलं पाणी वाळतं म्हणून. आपलं शरीरही माठच आहे, घाम वाळला तर थंडावा, नुसता निथळला तर काही उपयोग नाही. हवेत आधीच दमटपणा भरलेला असला की घाम वाळत नाही. म्हणून ३४ डिग्री आणि ७० टक्के आर्द्रता असली की शरीराला ते चाळिशीच्या बरंच वर वाटतं.

हे मोजायला ओल्या फडक्याचं तापमान वापरतात, थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा लागू दिला की जे दिसतं ते. पूर्वी समज होता की माणूस असं ३५ पर्यंत सहन करू शकतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, धडधाकट माणसांवर प्रयोग केले तर दमट हवेत मर्यादा ३१ च्या आसपासच सापडली, तीही हलकी कामं करताना. म्हाताऱ्यांची अजून कमी धरा. हवामान खातंही हे धरून चालतं, मैदानी भागात ४० ला उष्णतेची लाट मोजायला घेतात तर किनारपट्टीवर ३७ लाच, आणि ते नेहमीपेक्षा साडेचार डिग्रीने जास्त असावं लागतं.

खारघरला १६ एप्रिल २०२३ ला मोठा कार्यक्रम झाला, भर उन्हात लाखो माणसं बसलेली, १४ जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी तापमान चाळीस पण नव्हतं. मी हे प्रत्येक ठिकाणी सांगते कारण आपल्याकडे अजूनही शाळेचं गॅदरिंग, मॅरेथॉन, सत्संग मैदानात दुपारी ठेवतात.

उलट उदाहरण अहमदाबादचं. मे २०१० च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, मग २०१३ मध्ये शहराने उष्णतेचा आराखडा केला, आधी इशारा, दवाखान्यात तयारी, पाण्याची सोय, कामाच्या वेळा बदलणं, आणि नंतरच्या अभ्यासात मृत्यू कमी झालेले दिसले. म्हणजे उपाय महाग नाहीत. तुमच्या सोसायटीचा वॉचमन पत्र्याच्या केबिनमध्ये बसतो ना, एकदा दुपारी तीनला आत जाऊन दहा मिनिटं उभे राहा. आम्ही आमच्या गेटवरच्या केबिनच्या पत्र्यावर पांढरा रंग दिला, वर हिरवी जाळी बांधली आणि एक पंखा दिला, दादा म्हणाले ताई आता डोकं दुखत नाही.

कुणी उन्हात बरळायला लागलं, तोल जायला लागला, अंग तापलं तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला, मानेला आणि काखेत बर्फ लावा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

गरोदरपणात काय?

बीजिंगला २००८ च्या ऑलिंपिकसाठी सरकारने कारखाने आणि गाड्या काही आठवडे आवरल्या होत्या. त्या काळात ज्या बायकांचा आठवा महिना होता त्यांची बाळं आधीच्या आणि नंतरच्या वर्षी त्याच तारखांना जन्मलेल्या बाळांपेक्षा सरासरी २३ ग्रॅम जास्त भरली. तेवीस ग्रॅम एका बाळाला काही नाही वाटत, पण ही सगळ्या शहराची सरासरी आहे आणि तीसुद्धा नुसती काही आठवडे हवा बरी झाली म्हणून. उष्णतेमुळे वेळेआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो हेही खूप अभ्यासांत दिसलंय, तेव्हा सातव्या-आठव्या महिन्यात मे आला तर दुपारची लोकल टाळा.

घराला रंग द्यायचाय, जुना रंग घासून काढू का?

कोरडा घासू नका, विशेषतः बिल्डिंग जुनी असेल आणि घरात लहान मूल असेल तर. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, कायद्याची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरने पहिली-दुसरीतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, त्यातलं शिसं मोजलं, आणि ज्यांच्या दातात जास्त त्यांचा बुद्ध्यांक कमी आणि वर्गात लक्षही कमी. बाहेरून आजारी एकही मूल दिसत नव्हतं. आपण दात कापसात ठेवतो नाहीतर छपरावर टाकतो, त्याने त्यात अख्ख्या बालपणाचा हिशेब वाचला. पेट्रोलमधलं शिसं भारतात २००० साली गेलं. आता रंग ओला करून घासा, मुलांना दोन दिवस आजीकडे पाठवा, नंतर झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा.

मायक्रोप्लास्टिकने हार्ट अटॅक येतो म्हणे?

२०२४ ला इटलीतल्या डॉक्टरांनी मानेतल्या धमनीतून काढलेला चरबीचा थर तपासला, २५७ पेशंटपैकी १५० जणांच्या थरात प्लास्टिक सापडलं आणि त्यांना पुढच्या साधारण तीन वर्षांत हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट दिसला. प्लास्टिकनेच झालं असं त्याने सिद्ध होत नाही, संबंध दिसला एवढंच. पण गरम वरण प्लास्टिकच्या पिशवीत पार्सल घेणं मी तेव्हापासून बंद केलं, स्टीलचा डबा नेते.

खाडीतले मासे खावेत का?

आगरी-कोळी मैत्रिणी हे विचारतात तेव्हा मला वाईट वाटतं कारण खाडी त्यांची आहे आणि तिच्यात घाण सोडणारे दुसरेच आहेत. सरसकट मासे सोडू नका, पोषण मोठं आहे. पारा लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो, म्हणून गरोदर बाई आणि लहान मुलांना मुशीसारखे मोठे शिकारी मासे कमी, बांगडा, मांदेली, बोंबील बरे. नाल्याच्या तोंडाशी काढलेली कालवं आणि चिंबोऱ्या मात्र टाळाच, कालवं जागा सोडून जात नाहीत, चिंबोऱ्याही गाळातच वावरतात, तिथला गाळ जे देईल ते घेतात.

मास्क, प्युरिफायर, घरातली झाडं, यातलं काय चालतं?

एन ९५ चालतो, नाकाला घट्ट बसला तरच. रुमाल आणि ओढणी बारीक कणांना थांबवत नाहीत. हेपा फिल्टरचा प्युरिफायर बंद खोलीत काम करतो, दमेकरी असेल तर झोपायच्या खोलीत एक बरा. झाडं लावा, मन प्रसन्न होतं, पण हवा साफ व्हायला दर चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील असा हिशेब संशोधकांनी मांडलाय, तेव्हा त्यावर विसंबू नका.

आणि मच्छर कॉइल! हा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून मीच काढते. २००३ च्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळाली की निघणारा पीएम २.५ हा ७५ ते १३७ सिगरेटींइतका भरला. बाहेरच्या कंपनीवर आपण चिडतो ते बरोबरच आहे, पण पाळण्याखाली कॉइल लावलेली मी स्वतः बघितलीये. मच्छरदाणी लावा. डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो, गरम हवेत त्याच्या अंगात विषाणूही लवकर तयार होतो, त्याला साठलेलं पाणी ओतून टाकणं हाच उपाय.

मॉर्निंग वॉक कधी करायचा?

हिवाळ्यात पहाटे पाचला नको, वर रात्रीच्या वासाबद्दल सांगितलं ते हवेचं झाकण तेव्हा बसलेलं असतं. ऊन जरा वर आल्यावर आणि मोठ्या रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आत, उपवनला, नाहीतर तुमच्या सेक्टरच्या आतल्या गार्डनमध्ये. उन्हाळ्यात उलट, लवकर उरका.

पुराच्या पाण्यातून चालून आलो, गोळी घ्यायची का?

लेप्टोसाठी, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापासाठी, डॉक्टरच्या सल्ल्याने डॉक्सीसायक्लिन देतात, महापालिकेच्या दवाखान्यात विचारा, तीन दिवसांच्या आत जा. पायाला जखम असेल तर त्याच दिवशी.

तक्रार केली तर "पुरावा नाही" म्हणतात. काय नोंद ठेवायची?

आधी म्हटलं तसं एका मुलाचा पुरावा कुणी देऊ शकत नाही, पण गल्लीची नोंद देऊ शकता. शंभर पानी वही घ्या, पाच रकाने पाडा: तारीख, वेळ, वास किंवा धूर कसा, वारा कुठून, घरात कुणाला काय झालं. वारा कळायला गॅलरीत दोरीला सुती धाग्याचं एक टोक बांधून ठेवा, धागा जिकडे उडतो त्याच्या उलट दिशेने वारा येतोय. वास नसलेल्या दिवशी पण लिहा, हे सगळे विसरतात आणि मग नोंद एकतर्फी दिसते. चार-पाच घरांनी एकमेकांना न विचारता वेगवेगळ्या वह्या लिहिल्या की त्यांचं वजन वाढतं, वेळा जुळल्या तर त्याला नुसता भास म्हणता येत नाही. महिन्याच्या शेवटी फोटो काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक ऑफिसला आणि महापालिकेला लेखी द्या, पोच घ्या.

माझ्या वहीतली एक ओळ नमुन्याला देते: १४ जानेवारी, पहाटे ३.१०, कुजक्या कोबीसारखा वास, धागा खाडीच्या बाजूला उडतोय, मुलगी उठली, खोकला वीस मिनिटं, दोन पफ दिले, ३.५० ला झोपली. शेजारच्या काकूंच्या वहीत त्याच तारखेला: ३.००, वास, खिडकी लावली.